कार्बन-तंतू संमिश्र द्रव्ये : बंध व शिणवटा

कार्बन-तंतू संमिश्र द्रव्ये : बंध व शिणवटा. कार्बनाचे अतिसूक्ष्म तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे रेझीन यांच्यापासून बनविलेल्या द्रव्यास कार्बन-तंतू संमिश्र द्रव्य म्हणतात. यातील रेझिनास आधारक असे नाव आहे. एकदाच घातलेल्या भाराने जे द्रव्य मोडत नाही, ते त्याहून कमी असलेला भार पुष्कळ वेळा घातल्यास व काढल्यास कालांतराने मोडते. द्रव्याच्या या ऱ्हासास शिणवटा म्हणतात. धातूंच्या बाबतीत शिणवट्याचे स्थान धातूच्या स्फटिकांत असते. संमिश्र द्रव्यात मात्र तो पुष्कळदा तंतू व आधारक जेथे एकमेकांस चिकटलेले असतात त्या आंतरपृष्ठापासून सुरू होतो. विमानांचे पंख, पवनचक्क्यांची पाती, वायूच्या दाबटाक्या इ. भाग आता या द्रव्यांचे बनतात व त्यांवर अनेक माणसांचे प्राण अवलंबून असतात. त्यामुळे हा बंध पुनरावर्ती (पुनःपुन्हा येणाऱ्या) भाराखाली किती काळ टिकतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

कार्बन तंतूचा व्यास सामान्यतः ५ ते ७ मायक्रॉन (१ मायक्रॉन = ०.००१ मिमी.) म्हणजे माणसाच्या केसाच्या सु. एकदशांश असतो. द्रव्याच्या घनफळात तंतूंचे प्रमाण ६० टक्के व व्यास ७ मायक्रॉन धरल्यास १ चौ. सेंमी. छेदात १५ लाखांहून अधिक तंतू येतात आणि १ घ. सेंमी. द्रव्यातील आंतरपृष्ठाचे एकूण क्षेत्रफळ सु. ३,४०० चौ. सेंमी. भरते. साखरेच्या एका खड्याएवढ्या तुकड्यात सामावलेल्या एवढ्या मोठ्या पृष्ठाचा कोणताही भाग सुटा झाला, तरी बाहेरून तो दिसत नाही. या विषयाच्या इतिहासातील बहुतेक अडचणींचे मूळ या अदृश्यतेत आहे.

धातूंच्या शिणवट्याचा वारसा : शिणवट्याचा पद्धतशीर अभ्यास खाणी व रेल्वे यांच्या गरजेतून सुरू झाला. जर्मनीतील क्लाउस्टाल येथील खाण-अधिकारी व्हिल्हेल्म आल्बेर्ट यांनी १८२९ च्या सुमारास खाणीतील पाळण्यांच्या लोखंडी साखळ्यांवर भार वारंवार घालून त्यांची परीक्षा घेतली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडून मोठा अपघात झाला व त्यात पन्नासांहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर आसांच्या मोडण्याकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. विल्यम रँकिन यांनी १८४३ मध्ये अशा आसांतील तडा पृष्ठभागापासून हळूहळू आत वाढत जातो, असे दाखविले. जर्मन रेल्वे-अभियंते आउगुस्ट व्हलर यांनी त्यानंतरच्या सु. दोन दशकांत आसांवर दीर्घकालीन प्रयोग केले आणि प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील प्रेरणा) व मोडेपर्यंतची आवर्तने यांचा संबंध निश्चित केला. विशिष्ट मर्यादेखालील प्रतिबल कितीही वेळा दिले, तरी लोखंड मोडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढील शंभर वर्षे यंत्ररचनेचा आधार ठरला.

विमानांच्या बाबतीत या ज्ञानाची अपूर्णता १९५४ मध्ये उघड झाली. त्या वर्षी जानेवारी व एप्रिल या महिन्यांत ‘कॉमेट’ जातीची दोन ब्रिटिश जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या प्रवासीकक्षात आळीपाळीने दाब वाढविला व कमी केला. प्रत्यक्ष उड्डाणे व टाकीतील कृत्रिम उड्डाणे मिळून सु. ३,००० आवर्तनांनंतर ते कवच फाटले. संपूर्ण रचनेवर पुनरावर्ती भाराचा प्रयोग करण्याची प्रथा यानंतर रूढ झाली. कार्बन तंतूंच्या इतिहासातही हीच संस्था पुढे महत्त्वाची ठरली.

तंतूंचा शोध : बारीक तंतू हा त्याच द्रव्याच्या जाड दांड्याहून कितीतरी बळकट असतो, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी फार्नबरो येथे १९२० च्या सुमारास काचेवरील प्रयोगांनी सिद्ध केले. जाड काचेचे ताणबल सु. १७० न्यूटन प्रती चौ. मिमी. असताना सर्वांत बारीक तंतूचे बल सु. ३,४०० न्यूटन प्रती चौ. मिमी. भरले. पृष्ठभागावरील सूक्ष्म दोष ही काचेची दुर्बलता असून तंतू जितका बारीक तितका दोष लहान, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

कार्बनाचा तंतू टॉमस एडिसन यांनी १८७९ मध्ये विजेच्या दिव्यासाठी सुती धाग्यापासून व नंतर बांबूपासून तयार केला होता. परंतु तो बळासाठी नव्हता. अमेरिकेत रॉजर बेकन यांनी ग्रॅफाइटाचे केसासारखे स्फटिक तयार करून त्यांचे बल सु. २०,००० न्यूटन प्रती चौ. मिमी. असल्याचे १९६० मध्ये प्रसिद्ध केले. जपानमध्ये ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत आकिओ शिंडो यांनी १९५९–६१ या काळात पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू बनविण्याची पद्धत शोधून काढली. फार्नबरो येथे विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स व डब्ल्यू. जॉन्सन यांनी १९६४ च्या सुमारास याच धाग्याला ऑक्सिडीभवनाच्या वेळी ताणून धरले. त्यामुळे ग्रॅफाइटाचे पापुद्रे तंतूच्या अक्षाशी समांतर राहून तंतू अतिशय ताठर व बळकट बनला. आजचे बहुसंख्य कार्बन तंतू याच मार्गाने तयार होतात.

या तंतूत धातूप्रमाणे स्फटिकांची घसरण होत नाही. मोडेपर्यंत तो जवळजवळ पूर्ण स्थितिस्थापक राहतो. त्यामुळे तंतूला स्वतःला शिणवटा जवळजवळ येत नाही. यावरून कार्बन-तंतू संमिश्र द्रव्यालाही शिणवटा येणार नाही, अशी आशा आरंभी व्यक्त केली जात होती. तंतूंच्या दिशेने ताण देऊन केलेल्या पहिल्या प्रयोगांनी ती आशा बळावलीही. काच-तंतूंच्या द्रव्याचे बल आवर्तनांची संख्या दहापट झाली की, मूळ बलाच्या सु. एकदशांशाने उतरते, कार्बन-तंतूंच्या एकदिशीय द्रव्याचे बल त्या मानाने फारच सावकाश उतरते. परंतु प्रत्यक्षातील भाग एकाच दिशेने ताणले जात नाहीत. ते वाकतात, पिळले जातात, दाबले जातात. अशा वेळी भार तंतूने नव्हे, तर आधारकाने व बंधाने सोसावयाचा असतो.

बंधाचे कार्य : तुटक्या तंतूकडेही भार कसा पोहोचतो, याचे गणित एच. एल. कॉक्स यांनी १९५२ मध्ये मांडले. तंतूच्या टोकाशी आधारक त्याच्या पृष्ठावर कर्तन (पृष्ठाला समांतर घसरविणारे) प्रतिबल देतो आणि टोकापासून जसजसे आत जावे, तसतसा तंतूतील ताण वाढत जातो. ए. केली व डब्ल्यू. आर. टायसन यांनी १९६५ मध्ये यावरून ‘क्रांतिक लांबी’ ही संकल्पना पुढे आणली. तंतू पूर्ण बलापर्यंत ताणला जाण्यासाठी जी किमान लांबी आधारकात रुतलेली असावी लागते, ती ही लांबी होय. तंतूचे बल व व्यास यांच्या गुणाकारास बंधाच्या कर्तनबलाच्या दुपटीने भागले असता ती मिळते.

उदा., तंतूचे बल ४,००० न्यूटन प्रती चौ. मिमी., व्यास ७ मायक्रॉन आणि बंधाचे कर्तनबल ५० न्यूटन प्रती चौ. मिमी. असल्यास क्रांतिक लांबी २८० मायक्रॉन येते. पुनरावर्ती भाराने बंधाचे बल निम्मे झाले, तर ती ५६० मायक्रॉन होते. तंतू तोच राहतो. परंतु प्रत्येक तुटीच्या दोन्ही बाजूंस भार न उचलणारा भाग दुप्पट लांब होतो आणि तेवढ्या लांबीवर शेजारच्या तंतूंना अधिक भार सोसावा लागतो. जास्त भाराखाली येणारी लांबी जितकी मोठी, तितकी तीत एखादा दोष सापडण्याची शक्यता अधिक. बंधाच्या ऱ्हासामुळे न शिणणारे तंतूही कसे तुटू लागतात, याचे हे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होय.

बंधाची दृढता व तीतील पेच : पहिल्या कार्बन तंतूंचा पृष्ठभाग ग्रॅफाइटाच्या पापुद्र्यांमुळे गुळगुळीत व रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय होता आणि त्यावर रेझीन नीट चिकटत नसे. अशा द्रव्याचे थराथरांतील कर्तनबल केवळ सु. २० ते ३० न्यूटन प्रती चौ. मिमी. असे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तंतूंवर नायट्रिक अम्लाची, वायूची किंवा विद्युत् विच्छेदनाची प्रक्रिया करून पृष्ठभागाचे ऑक्सिडीभवन करण्यात येऊ लागले. त्यामुळे पृष्ठावरील सैल थर निघून जातात व रेझिनाशी जुळणारे ऑक्सिजनयुक्त गट निर्माण होतात. या प्रक्रियेने कर्तनबल ६० न्यूटन प्रती चौ. मिमी. वा त्याहूनही अधिक झाले. कापडगिरणीत ताण्याच्या सुताला खळ देतात, त्याप्रमाणे प्रक्रिया केलेल्या तंतूवर रेझिनाचा पातळ लेप देण्याचीही पद्धत पडली. तंतूचे घर्षणापासून रक्षण करणे व आधारकाशी त्याची जुळणी सुकर करणे, असे या लेपाचे दुहेरी कार्य असते.

बंध जितका दृढ तितके द्रव्य चांगले, हा समज मात्र खरा ठरला नाही. जे. कुक व जे. ई. गॉर्डन यांनी १९६४ मध्ये असे दाखविले होते की, ठिसूळ द्रव्यात शिरलेल्या तड्याच्या वाटेत दुबळे आंतरपृष्ठ आले, तर ते तड्याच्या आधीच सुटते व तडा वळून बोथट होतो. आंतरपृष्ठाचे बल मूळ द्रव्याच्या संसंजनाच्या सु. एकपंचमांशाहून कमी असल्यास हे घडते. लाकूड एका घावात आरपार मोडत नाही, ते याच कारणाने. उलट, बंध अतिशय दृढ असेल, तर एका तंतूपाशी निघालेला तडा न वळता शेजारच्या तंतूंतून सरळ पार जातो आणि द्रव्य काचेसारखे तडकते. पृष्ठप्रक्रिया प्रमाणाबाहेर केलेल्या तंतूंच्या द्रव्यांत हा दोष दिसून आला. बंध फार दुबळा असेल, तर कर्तनाने थर सुटतात. फार दृढ असेल, तर आघाताने द्रव्य तडकते. या दोहोंमधील योग्य जागा शोधणे, हा तेव्हापासून या क्षेत्रातील मुख्य प्रश्न बनला.

नव्या द्रव्याबद्दलच्या अतिविश्वासाची किंमत लवकरच कळून आली. रोल्स-रॉइस कंपनीने आरबी-२११ या जेट एंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन-तंतू द्रव्याची करण्याचे ठरविले होते. परंतु १९७० मध्ये पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत व टिटॅनियमाची पाती घ्यावी लागली. या एंजिनावरील वाढत्या खर्चामुळे ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. आघाताचा हा प्रश्न शिणवट्याचा नव्हता; तथापि तंतूचे बल म्हणजे द्रव्याचे बल नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. चिवट रेझीन व धातूची संरक्षक कड वापरून केलेली संमिश्र पाती १९९५ मध्ये जीई-९० या एंजिनाद्वारे प्रवासी सेवेत आली.

पुनरावर्ती भाराखाली बंध : पहिल्याच आवर्तनात सर्वांत दुबळे असे काही तंतू तुटतात. तुटलेल्या टोकाशी आंतरपृष्ठावर कर्तन प्रतिबल एकवटते व तेथे अल्प लांबीवर बंध सुटतो. भार स्थिर असता, तर येथेच सर्व थांबले असते. परंतु प्रत्येक आवर्तनात आधारक तंतूच्या पृष्ठावर पुढेमागे सरकू पाहतो आणि सुटलेल्या भागाच्या टोकाशी असलेली चीर आंतरपृष्ठावरून थोडीथोडी पुढे जाते. सुटलेल्या भागात तंतू व आधारक यांचे घर्षण होत राहते. रेझीन घट्ट होताना व थंड होताना तंतूपेक्षा अधिक आकुंचन पावते, त्यामुळे त्याची तंतूवर पकड असते. ही पकड व पृष्ठाचा खडबडीतपणा घर्षणाने झिजत जातात आणि सुटलेल्या भागातून भार पोहोचविण्याची क्षमता कमी होते. अशा रीतीने शेजारचे तंतू तुटतात, तुटलेल्या तंतूंचे पुंजके बनतात आणि एखादा पुंजका क्रांतिक आकाराचा होताच द्रव्य अकस्मात मोडते. धातूतील एका वाढत्या तड्याऐवजी येथे असंख्य सूक्ष्म हानी एकाच वेळी वाढत असतात.

प्रत्यक्षातील पत्रा निरनिराळ्या दिशांच्या थरांचा बनविलेला असतो. भाराशी काटकोनात तंतू असलेल्या थरात तंतू भार घेत नाहीत. उलट त्यांच्या कडेला प्रतिबल एकवटते. त्यामुळे तेथे प्रथम एकेका तंतूपासून आधारक सुटतो, असे सुटलेले भाग एकमेकांस मिळतात आणि थराच्या संपूर्ण जाडीतून आडवा तडा जातो. आवर्तने वाढतात तसे असे तडे वाढत जातात. परंतु त्यांतील अंतर एका विशिष्ट मर्यादेपर्यंत कमी झाल्यावर नवे तडे पडणे थांबते. अमेरिकेतील व्हर्जिनिया पॉलिटेक्निक संस्थेत के. एल. राइफस्नायडर व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ही स्थिती थरांच्या रचनेचाच गुणधर्म असल्याचे दाखविले. त्यानंतर तड्यांच्या टोकांशी थर सुटू लागतात व शेवटी भार वाहणारे तंतू तुटतात. आयुष्याच्या आरंभी हानी जलद, मध्ये दीर्घकाळ मंद आणि अखेरीस पुन्हा जलद वाढते, असा हा क्रम आहे. मधल्या दीर्घ काळात द्रव्याची ताठरता थोडीशीच कमी होते व भाग निर्दोष भासतो.

डेन्मार्कमध्ये संशोधन करीत असताना रमेश तलरेजा यांनी १९८१ मध्ये या सर्व घटना एकाच आलेखात मांडल्या. त्यांनी उभ्या अक्षावर प्रतिबलाऐवजी पहिल्या आवर्तनातील कमाल विकृती (लांबीतील सापेक्ष वाढ) घेतली. कारण तंतू व आधारक या दोहोंची विकृती तंतूच्या दिशेने सारखीच असते. या आलेखात वरचा पट्टा तंतूंच्या तुटण्याचा, मधला उतरता भाग आधारकातील तडे व बंध सुटणे यांचा आणि खालची मर्यादा आधारकाच्या शिणवट्याची आहे. एपॉक्सी रेझिनाची ही मर्यादा सु. ०.६ टक्का विकृती एवढी आहे. अतिताठर कार्बन तंतूंचे द्रव्य सु. ०.५ टक्का विकृतीलाच मोडते. म्हणजे त्यातील आधारक स्वतःच्या मर्यादेपर्यंत कधी पोहोचतच नाही. पहिल्या प्रयोगांत शिणवटा का दिसला नाही, याचे उत्तर येथे मिळाले. तंतू अधिक लवचिक व बळकट होत गेले, तसतशी वापरातील विकृती वाढली आणि लपलेला शिणवटा दृष्टीस पडू लागला.

आधारकाच्या निवडीबाबतही अनपेक्षित निष्कर्ष निघाले. पीक (पॉलिइथर-इथर-कीटोन) हे तापमृदू प्लॅस्टिक एपॉक्सीहून पुष्कळ चिवट आहे. म्हणून त्याचे द्रव्य शिणवट्यालाही अधिक दाद देणार नाही, असे वाटत होते. ई. के. गॅमस्टेड व तलरेजा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत मात्र तंतूंच्या दिशेने ताण दिला असता एपॉक्सीचे द्रव्यच अधिक टिकाऊ ठरले. एपॉक्सीत मोजकेच सूक्ष्म तडे पडून त्यांची वाढ मंदावत गेली. पीकमध्ये हानी सर्वत्र पसरली व बंध सुटण्याची क्रिया आवर्तनांबरोबर चालू राहिली. एका आघातातील चिवटपणा व दीर्घकाळची सोशिकता हे दोन वेगळे गुण आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

दाब, ओलावा व तापमान : दाबाखाली तंतू बारीक काठीप्रमाणे वाकू पाहतो व आधारक त्याला दोन्ही बाजूंनी आवरून धरतो. बी. डब्ल्यू. रोझेन यांनी १९६५ मध्ये या वाकण्याचे गणित मांडले, तर ए. एस. आर्गन यांनी १९७२ मध्ये तंतूंच्या मूळच्या किंचित वाकडेपणामुळे द्रव्यात पट्ट्याच्या स्वरूपात मुडप कशी पडते, हे दाखविले. बंध सुटलेल्या तंतूला बाजूचा आधार राहत नाही. म्हणून ताण व दाब आळीपाळीने येणारा भार केवळ ताणाच्या भारापेक्षा अधिक घातक ठरतो. एपॉक्सी रेझीन हवेतील ओलावा शोषून फुगते व मऊ होते. पाणी आंतरपृष्ठापर्यंत पोहोचल्यास तेथील बंध दुबळे होतात. यामुळे विमानाच्या भागांची परीक्षा ओलावा मुरवून व तापवूनही घेतात. प्रयोग फार जलद केल्यास अंतर्गत घर्षणाने नमुना तापतो व निष्कर्ष फसवे येतात. म्हणून आवर्तनांचा वेग सामान्यतः सेकंदाला ५ ते १० एवढाच ठेवतात. दहा लाख आवर्तनांच्या एका प्रयोगास त्यामुळे एक दिवसाहून अधिक काळ लागतो.

मापनाच्या पद्धती : एका तंतूला रेझिनाच्या पट्टीत रुतवून ती ताणल्यास तंतूचे तुकडे होत जातात, अखेरच्या तुकड्यांच्या लांबीवरून केली-टायसन सूत्राने बंधाचे बल काढता येते. अमेरिकेतील एल. टी. ड्रझल व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या पद्धतीने प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या तंतूंचा तौलनिक अभ्यास केला. तंतू रेझिनातून उपसणे, त्यावरील रेझिनाचा थेंब ओढून काढणे किंवा द्रव्याच्या छेदावर सूक्ष्म टोकाने एकच तंतू आत ढकलणे, या इतर पद्धती होत. या सर्व पद्धतींत नमुना नष्ट होतो. सेवेतील भागासाठी श्राव्यातीत तरंग, क्ष-किरण चित्रण आणि तडा पडताना होणाऱ्या सूक्ष्म ध्वनींची नोंद यांचा उपयोग करतात. यांनी सुटलेला थर सापडतो. परंतु न सुटलेल्या, मात्र दुबळ्या झालेल्या बंधाचे बल भाग न मोडता थेट मोजण्याची सर्वमान्य पद्धत उपलब्ध नाही.

सेवेतील अनुभव : अमेरिकेच्या नासा संस्थेच्या साहाय्याने बोइंग कंपनीने ७३७ विमानांसाठी कार्बन-तंतू द्रव्याची आडवी शेपटी तयार केली. तिला १९८२ मध्ये मान्यता मिळाली व १९८४ मध्ये अशा पाच जोड्या प्रवासी सेवेत आल्या. निवृत्तीनंतर त्यांपैकी काही सुट्या करून तपासल्या असता दीर्घ सेवेनंतरही रचना चांगल्या स्थितीत आढळली. बोइंग ७८७ हे २०११ मध्ये सेवेत आलेले विमान वजनाने सु. निम्मे संमिश्र द्रव्याचे आहे. या यशाचे कारण बंध शिणत नाही हे नसून, तो शिणेल असे धरून विकृती मर्यादेत ठेवली जाते, हे आहे. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९७८ मध्ये काढलेल्या व १९८४ आणि २००९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनानुसार, डोळ्यांना जेमतेम दिसणारी हानी मुळातच आहे असे गृहीत धरून ती पुनरावर्ती भाराखाली धोकादायकपणे वाढत नाही, हे प्रयोगाने सिद्ध करावे लागते.

याच्या उलट उदाहरण ‘टायटन’ या पाणबुडीचे आहे. उत्तर अटलांटिक महासागरात सु. ३,८०० मी. खोलीवरील ‘टायटॅनिक’ जहाजाच्या अवशेषांपर्यंत पर्यटकांना नेण्यासाठी हिचे मधले नळकांडे सु. १२.७ सेंमी. जाडीच्या कार्बन-तंतू द्रव्याचे केले होते. प्रत्येक बुडी म्हणजे सु. ३८० वातावरणांपर्यंतच्या दाबाचे एक आवर्तन होय. १५ जुलै २०२२ रोजी पाण्यावर येताना मोठा आवाज झाला व त्यानंतर कवचावरील विकृतिमापकांच्या नोंदी बदलल्या. तरीही पुढील बुड्या झाल्या. १८ जून २०२३ रोजी कवच आत चिरडले जाऊन आतील पाचही जण मरण पावले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कवचाच्या अवशेषांत सुरकुत्या, पोकळ्या व सच्छिद्रता असल्याचे नोंदविले आणि २०२२ मधील त्या बुडीनंतर थर सुटले होते, असा निष्कर्ष २०२५ मध्ये काढला. येथे आवर्तनांची संख्या लाखांत नव्हती. ती शंभराच्याही आत होती. तंतू-आधारक बंधाबरोबरच थराथरांतील चिकटवणही या ऱ्हासास कारण होती. नोंदी उपलब्ध असूनही त्यांचा अर्थ लावला गेला नाही, ही या अपघातातील सर्वांत गंभीर गोष्ट होय.

भारतातील कार्य : बंगलोर (बंगळूरू) येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने कार्बन तंतू व त्यांची संमिश्र द्रव्ये यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उड्डाण केलेल्या ‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानाच्या सांगाड्याचा वजनाने सु. ४५ टक्के भाग संमिश्र द्रव्यांचा आहे. या विमानाच्या सुधारित आवृत्तीची एक उत्पादनसाखळी महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीच्या कारखान्यात उभारली असून तेथे तयार झालेल्या पहिल्या विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. पावसाळ्यातील दमट हवा व उन्हाळ्यातील धावपट्टीवरील उष्णता या दोन्हींना एकाच वर्षात तोंड द्यावे लागत असल्याने बंधावरील ओलाव्याच्या परिणामाचा अभ्यास भारतात विशेष आवश्यक आहे.

सद्यःस्थिती : क्ष-किरणांच्या त्रिमितीय चित्रणाने भार चालू असतानाच एकेका तंतूचे तुटणे पाहता येऊ लागले आहे आणि संगणकाच्या साहाय्याने हजारो तंतूंच्या समूहातील बंधाच्या ऱ्हासाचे गणित मांडता येते. तरीही एका तंतूवरील मापनावरून संपूर्ण पंखाचे आयुष्य सांगणे अद्याप साध्य झालेले नाही. त्यामुळे प्रतिबल मर्यादित ठेवणे, पूर्ण आकाराच्या भागावर प्रयोग करणे आणि सेवेत नियमित तपासणी करून मिळालेल्या नोंदींची दखल घेणे, हेच सुरक्षिततेचे उपाय आहेत. व्हलर यांनी रेल्वेच्या आसांसाठी प्रयोगाचा जो मार्ग घालून दिला, तोच कार्बन तंतूंच्या बाबतीतही अखेर विश्वसनीय ठरला आहे.